सनदेनंतरची तीन वर्षे

स्मरणिकेची पाने बहुधा पोहोचलेल्यांसाठी असतात. कोण न्यायाधीश झाले, कोण अभियंता झाले, कोण परदेशी स्थिरावले, हे वाचताना पालकांचा ऊर भरून येतो आणि ते साहजिकच आहे. आम्ही या शाळेच्या वसतिगृहात वाढलेले काही वकील. आम्हांला मात्र या पानांवर वाटेत गळालेल्यांविषयी लिहावयाचे आहे. आमच्यासोबत कायद्याचे शिक्षण घेतलेले, आमच्याहून बुद्धीने सरस असलेले कित्येक सोबती आज वकिली करीत नाहीत. ते कोणत्याही परीक्षेत अनुत्तीर्ण झाले नव्हते. त्यांनी सनद मिळवली, काळा कोट शिवला, गावात पेढे वाटले आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते न्यायालयाच्या आवारातून दिसेनासे झाले. कोणी पतसंस्थेच्या वसुलीवर गेले, कोणी बँकेच्या कर्जविभागात, कोणी परत गावी.

आपल्या समाजात मार्गदर्शन शिबिरे पुष्कळ होतात. आम्हीही त्यांत बोललो आहोत. कष्ट करा, इंग्रजी सुधारा, न्यूनगंड टाकून द्या, एवढे सांगून आणि शाल-श्रीफळ स्वीकारून आम्ही घरी परतलो आहोत. अशाच एका शिबिरात भाषण संपल्यावर मागच्या रांगेतला एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, सनद मिळाल्यावर खोलीचे भाडे कोठून आणायचे?" सभागृहात थोडे हसू उमटले. आम्ही उत्तरलो, "सुरुवातीला थोडा त्रास होतोच." ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि आम्हांलाही.

त्या प्रश्नातला हिशेब साधा आहे. नवा वकील ज्येष्ठांच्या हाताखाली लागतो. सकाळी बोर्ड पाहणे, पुकारा झाला की मुदतीचा अर्ज देणे, नकलांच्या अर्जांचा पाठपुरावा करणे, संध्याकाळी कार्यालयात बसून दाव्याचे किंवा कैफियतीचे टंकलेखन तपासणे, हे सारे तो करतो आणि महिन्याअखेर त्याच्या हाती पुष्कळदा पेट्रोलपुरतेच पैसे पडतात. ज्याचे वडील वा काका वकील आहेत त्याला हा काळ जड जात नाही. त्याला घर आहे, ग्रंथ आहेत, जुने पक्षकार आहेत आणि मुख्य म्हणजे कोणत्या टेबलावर काय विचारावे हे ठाऊक असलेला कारकून आहे. आपल्या मुलाला मात्र गावाकडे पैसे पाठवावयाचे असतात. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवोदित वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. आमच्या तालुका न्यायालयांत ते परिपत्रक वाचलेले ज्येष्ठ आम्हांस क्वचितच भेटले.

एक बाब मात्र पालकांनी आवर्जून ध्यानी ठेवावी. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ नुसार नोंदणीचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारास १२५ रुपये आहे. प्रत्यक्षात राज्य परिषदा निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत असत. काही राज्यांत तो आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला होता. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जादा आकारणीस मनाई केली. तेव्हा सनदेसाठी दागिने गहाण ठेवण्यापूर्वी जातीचा दाखला हाताशी ठेवावा आणि मागितलेली रक्कम कोणत्या आधारावर आहे, हे लेखी विचारावे.

दुसरा निकाल अधिक अवघड आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ज्याने न्यायालयात कधी उलटतपास घेतला नाही त्याने थेट न्यायासनावर बसू नये, हा त्यामागील विचार आम्हांस मान्य आहे. परंतु आपल्या घरांतील मुलींसाठी आणि मुलांसाठी न्यायाधीशाची परीक्षा हा पदवीनंतर थेट पगारापर्यंत नेणारा मार्ग होता. आता मध्ये तीन वर्षांची दरी आली आहे, आणि ही तीन वर्षे नेमकी तीच आहेत ज्यांत आपले सोबती गळाले. शिवाय या वकिलीचा दाखला प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने किंवा किमान दहा वर्षे वकिली केलेल्या अधिवक्त्याने द्यावयाचा असून अधिवक्त्याच्या दाखल्यावर न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन लागते. म्हणजे ज्याच्या पाठीशी ज्येष्ठ नाही, त्याची तीन वर्षे कागदावरही येणे कठीण.

येथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांना कोणी विद्यावेतन दिले होते? हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि विचारणाऱ्याने चरित्र नीट वाचलेले नाही, असेच आम्हांस दर वेळी वाटले. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा सनदेसाठी लागणारे पैसे त्यांच्यापाशी नव्हते. ते त्यांचे मित्र नवल भथेना यांनी दिले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर मंडळी काम पाठवीत नव्हती. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखाविषयक प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवून उत्पन्नाला जोड दिली. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतील नेत्यांचा बचाव केला आणि तो खटला जिंकला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याआधीची तीन वर्षे आपण सांगत नाही. मित्राची मदत आणि संध्याकाळची शिकवणी यांच्या आधारावर ती निघाली होती. एवढी विद्वत्ता असलेल्या माणसाला जो आधार लागला, तो आपल्या मुलाने मागितला तर त्यात कमीपणा कसला?

आता नवोदितांशी थोडे. ज्येष्ठ निवडताना त्यांच्या नावाकडे पाहू नका. त्यांच्याकडे आधी काम केलेले कनिष्ठ आज कोठे आहेत, ते पाहा. सहा महिन्यांत तुम्हांला एकटे उभे राहू देतील का, हे विचारा. पहिल्यांदा पुरसीस, मग निशाणी ५ च्या अर्जावर युक्तिवाद, मग एखाद्या पंचाचा उलटतपास, अशा पायऱ्या जेथे मिळतात तेथे पैसे थोडे कमी मिळाले तरी चालेल. जेथे दोन वर्षांनंतरही केवळ तारखाच घ्यावयाच्या आहेत, तेथून निघावे. पैशांविषयी पहिल्याच दिवशी, नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. आमच्यापैकी एकास एका ज्येष्ठांनी प्रथम आडनाव विचारले, मग गाव, मग गावातील वस्ती. त्यानंतर "जागा नाही" असे कळविले. अशा वेळी आपल्यात काही उणे आहे असे समजून घरी बसू नका, त्याच आवारातील दुसऱ्या दारावर जा. आणि हो, भूक लागली म्हणून फाटकापाशी पक्षकार गाठून देणाऱ्या दलालांच्या नादी लागू नका. सम्यक आजीविका हा शब्द आपण वंदनेच्या वेळी ऐकत मोठे झालो. त्याची खरी परीक्षा त्या फाटकापाशी होते.

इतर व्यवसायांतही हीच दरी निरनिराळ्या नावांनी भेटते. सनदी लेखापालाला आर्टिकलशिपमध्ये ठरलेले किमान विद्यावेतन मिळते, पण चांगल्या कार्यालयात शिरकाव ओळखीनेच होतो. वास्तुविशारदांचे आणि पत्रकारांचे अनुभवही याहून फार वेगळे नसल्याचे आमचे सोबती सांगतात.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे भाषणाचे नाही. आपले वसतिगृह विद्यार्थ्याला परीक्षेपर्यंत सांभाळते आणि ज्या दिवशी त्याच्यावर खरा भार पडतो, त्याच दिवशी त्याची कॉट रिकामी करून घेते. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायालयाजवळ चार-पाच खाटांची एक खोली माजी विद्यार्थी संघाने भाड्याने घ्यावी, नवोदितांनी तेथे तीन वर्षे राहावे. हे फुकट असावे, असे आम्ही म्हणत नाही. कमाई सुरू झाल्यावर त्यांनी पुढच्या तुकडीचे भाडे भरावे. यामुळे मुले परावलंबी होतील, अशी शंका एका वडीलधाऱ्यांनी आम्हांपाशी व्यक्त केली. ज्यांनी आपल्या स्वतःच्या मुलाला तिशीपर्यंत पोसले आहे त्यांनी ही शंका काढावी, याचे आम्हांस थोडे नवल वाटले.

दहा वर्षे वकिली पूर्ण झालेले आपले माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या न्यायालयांत आहेत. प्रत्येकाने एक खुर्ची आपल्या शाळेच्या मुलासाठी वा मुलीसाठी ठेवावी, महिन्याचे विद्यावेतन ठरवून द्यावे आणि तीन वर्षांनंतर दाखल्यावर सही करावी. आमच्यापैकी तिघांनी या वर्षी तशी तयारी दर्शविली आहे. शाळेच्या कार्यालयात त्यासाठी एक नोंदवही ठेवण्याची विनंती आम्ही मुख्याध्यापकांना केली असून पहिली तीन नावे आम्ही स्वतः लिहिणार आहोत.