विश्लेषण : जयंतीच्या आदल्या रात्री जळालेलं नाट्यगृह, केशवराव भोसले कोण होते आणि कोल्हापूर का हळहळलं?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातल्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, पडदे, खुर्च्या आणि छप्पर जळून गेलं, दगडी भिंती तेवढ्या उरल्या. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. आगीचे व्हिडिओ राज्यभर फिरले, अनेक कलाकारांना अश्रू आवरले नाहीत. पण ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह, ते केशवराव नेमके कोण होते?

केशवराव भोसले कोण होते?

केशवरावांचा जन्म १८९० मध्ये कोल्हापुरात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. लहानपणीच ते स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी स्त्री भूमिका पुरुषच करत असत. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’मध्ये केशवरावांनी केलेली शारदा गाजली. म्हाताऱ्या नवऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट एका लहान मुलाच्या गळ्यातून प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.

१ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. तेव्हा त्यांचं वय अवघं १७ होतं. जुन्या संगीत नाटकांबरोबरच मामा वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’सारखं हुंड्यावर बोट ठेवणारं नाटकही त्यांनी रंगभूमीवर आणलं. म्हणजे केवळ गाण्यावर टाळ्या घेणारा हा नट नव्हता. कंपनीचा मालक म्हणून नव्या लेखकावर पैसा लावण्याची जोखीमही तो घेत होता.

‘संयुक्त मानापमान’ची एवढी चर्चा का?

बालगंधर्व आणि केशवराव हे त्या काळातले दोन सर्वांत मोठे गायक नट. दोघांच्या मंडळ्या वेगळ्या, चाहते वेगळे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत हे दोघे एकाच रंगमंचावर आले. नाटक होतं कृ. प्र. खाडिलकरांचं ‘मानापमान’. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. प्रयोगाचं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होतं. दोन प्रतिस्पर्धी मालक स्वातंत्र्य चळवळीसाठी एकत्र आले, म्हणून शंभर वर्षांनंतरही या प्रयोगाचं नाव निघतं. २०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट आला, तेव्हाही ही आठवण पुन्हा निघाली.

या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. वय होतं ३१. पुढे बापूराव पेंढारकर आणि नंतर भालचंद्र पेंढारकर यांनी ‘ललितकलादर्श’ चालवली.

मग ते पडद्यावर का दिसत नाहीत?

इथे काळाचा हिशेब आड येतो. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली. म्हणजे केशवराव हयात असताना त्यांच्याच गावात सिनेमा तयार होत होता. पण तो मूकपट होता. ज्याची सगळी ताकद गळ्यात, त्याला मूकपट काय न्याय देणार?

मराठी बोलपट आला १९३२ मध्ये, ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’च्या रूपानं. तोही कोल्हापुरातच बनला. बालगंधर्वांना १९३५ च्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर येता आलं. केशवरावांना मात्र जाऊन तोवर बराच काळ लोटला होता. म्हणूनच पडद्यावर जपल्या गेलेल्या नटांपेक्षा त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची आठवण एका इमारतीवर जास्त विसंबून आहे.

या वास्तूचं महत्त्व काय?

१९०२ मध्ये छत्रपती शाहू महाराज युरोपला गेले होते. त्यानंतरच्या दशकात त्यांनी शेजारी शेजारी दोन वास्तू उभारल्या. एक खासबाग कुस्ती मैदान आणि दुसरी १९१५ मध्ये खुलं झालेलं पॅलेस थिएटर. तालीम आणि नाटक, दोन्हींना राजाश्रय मिळाला. १९५७ मध्ये पॅलेस थिएटरला केशवरावांचं नाव देण्यात आलं.

कोल्हापूरकरांसाठी ही केवळ वारसा वास्तू नव्हती. हौशी संघांच्या स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, मुंबई-पुण्याच्या नाटकांचे दौरे, सगळं इथेच व्हायचं. प्रयोग थांबले की पडदे ओढणारा, प्रकाशयोजना करणारा, रंगभूषा करणारा आणि कँटीन चालवणारा, सगळ्यांच्याच पोटाला चिमटा बसतो.

आता प्रश्न काय आहे?

आगीनंतर सरकारनं निधी जाहीर केला आणि नाट्यगृह पुन्हा उभारण्याचं ठरलं. इटलीतल्या व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह १९९६ मध्ये जळालं होतं. ‘होतं तिथे, होतं तसं’ बांधायचं असं शहरानं ठरवलं आणि २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं. वाट पाहावी लागली, पण वास्तू परत मिळाली.

मात्र ‘होतं तसं’ याचा अर्थ ‘होतं तितकंच असुरक्षित’ असा असू नये. रंगमंचावर लाकूड, कापड, विजेच्या तारा आणि तापणारे दिवे एकत्र असतात. त्यामुळे आग न धरणारे पडदे, वायरिंगची वेळेवर तपासणी, धुराची सूचना देणारी यंत्रणा आणि रात्री नाट्यगृह बंद असतानाही चालू राहणारी देखरेख या गोष्टी निविदेतल्या शोभेच्या ओळी ठरता कामा नयेत. शिवाय हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही. राज्यातली अनेक नाट्यगृहं नगरपालिका आणि महापालिका चालवतात. तिथली शेवटची अग्निसुरक्षा तपासणी कधी झाली, हे विचारायला पुढच्या आगीची वाट पाहण्याची गरज नाही.

केशवरावांना ३१ वर्षं मिळाली. त्यांच्या नावाची वास्तू शंभरी ओलांडून उभी होती. ती पुढची शंभर वर्षं उभी राहील का, हे उद्घाटनाच्या फितीपेक्षा त्यानंतरच्या देखभालीवरच ठरेल.