नव्या मूत्रपिंडानंतरची भूक

डायलिसिसच्या काळात पाणीही मोजून प्यावे लागते आणि अन्नावरची वासना उडते. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, की भूक परतते. नागपूरहून चंद्रपुरास परतलेल्या व्यापाऱ्यास घरचे कौतुकाने वाढतात, दुकानात गादीवरचे बैठे काम असते. काही महिन्यांत वजन वाढते आणि रक्तातील साखरही.

दोष केवळ ताटाचा नसतो. प्रेडनिसोलोनने भूक वाढते व इन्सुलिनचा प्रभाव घटतो. टॅक्रोलिमसमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारनंतर चढते. तेव्हा केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबणे म्हणजे सकाळची शिल्लक पाहून दिवसाचा हिशेब मिटवणे होय.

वजन उतरवण्यास उपवास हा जैन घरांत सहज सुचणारा उपाय. परंतु निर्जळी उपवासात मूत्रपिंडास पाणी कमी पडते, आणि चंद्रपूरचा उन्हाळा तर 45 अंशांपुढचा. इन्सुलिन चालू असल्यास साखर एकाएकी उतरण्याचेही भय असते. सूर्यास्तापूर्वीचे हलके जेवण मात्र उपकारक: फुलके, मूग, दोडका, फरसाण नव्हे.

खरी अडचण घड्याळाची आहे. टॅक्रोलिमसच्या दोन मात्रांत 12 तासांचे अंतर लागते आणि डिसेंबरात येथील दिवस जेमतेम 11 तासांचा. नवकारशी व चोविहार दोन्ही पाळून ते जमत नाही. महाराजसाहेबांना आधीच विचारून सूट घ्यावी. मात्रा चुकवू नये. दिवसातून एकदाच घ्यायचे टॅक्रोलिमसही मिळते. ते चालेल का, हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनाच विचारावे.