शरीर तिचे, निर्णय कोणाचा?

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की आपल्याकडील अनेक घरांत एक ठरलेला क्रम सुरू होतो. बायोप्सीचा अहवाल आधी मुलगा वाचतो, मग जावई, मग पुण्या-मुंबईकडे राहणारा एखादा दीर. ओळखीच्या डॉक्टरांना दूरध्वनी होतात. ‘तिला एवढ्यात काही सांगू नका,’ असे ठरते आणि सायंकाळपर्यंत शस्त्रक्रियेचा दिवसही निश्चित होतो. जिच्या शरीरात तो रोग आहे तिच्या कानावर ‘गाठ आहे, काढावी लागेल’ एवढेच पडते. यामागे दुष्टावा नाही, मायाच आहे. पण मायेपोटी केलेला अन्याय हा अन्याय नसतो, असे थोडेच आहे?

मुळात ही घाई बहुतेक वेळा अनाठायी असते. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात आठ-दहा दिवस गेले तर सहसा काही बिघडत नाही. (चार महिने जडीबुटीवाल्याच्या दारात घालवणे ही वेगळी गोष्ट, तिथे खरोखरच जीव जातो.)

‘एकदाचे सगळेच काढून टाका, म्हणजे काळजी मिटली,’ हा घरच्यांचा आवडता तोडगा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉल्स्टेड यांनी छातीच्या स्नायूंसह संपूर्ण स्तन काढण्याची पद्धत रूढ केली आणि पुढे अनेक दशके तीच प्रमाण मानली गेली. बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या चाचणीने या समजुतीला धक्का दिला. तिचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. गाठ काढून किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवला. किरणोपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे स्तन वाचवायचा तर किरणोपचार टाळून चालत नाही. गाठ फार मोठी असेल किंवा एकाहून अधिक ठिकाणी असेल, तर हा पर्याय उरेलच असेही नाही.

आता परभणीच्या किंवा गोंदियाच्या शेतकरी कुटुंबातील स्त्रीचा विचार करावा. किरणोपचार म्हणजे काही आठवडे जवळजवळ रोजची फेरी. मुंबईत राहायचे कुठे? परळला नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्था रुग्णांची व नातेवाइकांची सोय करतात. पण गरजू अफाट आणि खोल्या मोजक्या. मागे घरी गुरेढोरे, शाळकरी मुले. अशी स्त्री संपूर्ण स्तन काढण्याचा पर्याय निवडत असेल तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. मात्र काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचला असेल तर त्यानंतरही किरणोपचार लागू शकतात, हे तिला आधी सांगायला नको का? हिशेब तिने मांडायचा, तर आकडे तिच्यापुढे ठेवायलाच हवेत.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका महिलेचे प्रकरण आले होते. तपासणीसाठी भूल दिलेली असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. तो कर्करोगाचा खटला नव्हता. परंतु रुग्ण सज्ञान असेल आणि जिवावर बेतलेले नसेल, तर आईची संमतीसुद्धा पुरेशी नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. नवरा, दीर, मुलगा यांचे स्थान यावरून ओळखावे.

‘मला झेपणार नाही, तुम्हीच ठरवा,’ असे एखादी म्हणेलही. तिचे म्हणणे अवश्य मानावे; पण ते तिच्या तोंडून यायला हवे, तिच्या वतीने गृहीत धरता कामा नये. संमतीपत्राचा कागद तरी शस्त्रक्रियेच्या दारात स्ट्रेचरवर पुढे करू नये. तो मराठीत असावा, आदल्या दिवशी हाती द्यावा आणि तिला वाचता येत नसेल तर घरच्या कुणीतरी तिच्याजवळ बसून, एकही ओळ न गाळता, वाचून दाखवावा.