बीडीएसनंतर परदेश: परीक्षा हवीच, पण रिकामे बसलेले हात नकोत



मागच्या महिन्यात एक काकू दाढ दाखवायला आल्या होत्या. दाढेचे काम पाच मिनिटांत झाले, पण त्या खुर्चीवरून उठेनात. मुलगी बीडीएस झालेली, लग्न ठरलेले, होणारा जावई लंडनजवळ नोकरीला. "डॉक्टर, पाच वर्षं शिकली, वर दोन वर्षं एका दवाखान्यात काम केलं. आता तिकडे म्हणतात, पुन्हा परीक्षा द्या. म्हणजे आपल्या डिग्रीला तिथे किंमतच नाही का?"

हा प्रश्न या ना त्या रूपात मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो. कधी आई विचारते, कधी नवरा, कधी स्वतः ती डेंटिस्ट मुलगी. माझे मत आधीच सांगून टाकतो. परीक्षा घेणे योग्य आहे. त्या परीक्षेसाठी माणसाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे मात्र अजिबात योग्य नाही. आणि या ताटकळण्यात आपण घरचे लोकही नकळत भर घालतो.

डिग्री आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिग्री विद्यापीठ देते, परवाना देते नोंदणी करणारी परिषद. आपल्याकडेही बीडीएसचे प्रमाणपत्र हातात आले म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी पाटी लावू शकत नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून राज्य परिषदेकडे नोंदणी लागतेच. आणि परदेशात दंतवैद्यक शिकून परत आलेल्या आपल्या मुलांनाही भारत सरकार स्क्रीनिंग परीक्षा द्यायला लावतेच की! तेव्हा त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही.

आता दुसरा देश नेमके काय तपासतो, ते उदाहरणाने पाहू. समजा एका चिठ्ठीवर लिहिले आहे, "१४ नंबरचा दात काढावा." भारतात आम्ही जी पद्धत शिकतो, तिच्यात १४ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली उपदाढ. दात सरळ करण्याच्या तारा लावण्यापूर्वी जागा करण्यासाठी हा दात बऱ्याचदा काढतात. अमेरिकेत मात्र दात १ ते ३२ असे सलग मोजतात. तिथे १४ म्हणजे वरच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ! आकडा तोच, पण बाजूही वेगळी आणि दातही वेगळा. ब्रिटनमध्ये अजून तिसरीच खूण चालते. तिथे तोंडाचे चार कोपरे करून प्रत्येक कोपऱ्यात एक ते आठ असे मोजतात. दाताचे ज्ञान सगळीकडे एकच असले तरी त्याची भाषा एक नसते, आणि या भाषेतल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

हे झाले आकड्यांचे. उपचाराचेही तसेच आहे. ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे अशा माणसाचा दात काढायचा, तर आधी अँटिबायोटिक द्यावे का? अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे उत्तर आहे, अशा जास्त धोक्याच्या रुग्णांना द्यावे. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २००८ साली देऊ नका असे सांगितले आणि २०१६ मध्ये त्यात "सरसकट" हा शब्द घातला, म्हणजे सरसकट देऊ नका. दोन्ही देश प्रगत, दोन्हीकडचे डॉक्टर हुशार, तरी उत्तर वेगळे. आपल्या मुलीने कुठले पुस्तक वाचले आहे हे तिथल्या रुग्णाला कसे कळणार? त्याला एवढेच हवे असते की समोरचा डॉक्टर इथल्या नियमाने वागेल.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. दाढ ठणकते म्हणून पाच दिवसांचे अँटिबायोटिक लिहून देणे आपल्याकडे फार सर्रास चालते. दाताच्या आतल्या नसेला सूज आली असेल आणि पू, ताप, चेहऱ्यावर सूज यांपैकी काही नसेल, तर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो; दात उघडून आत उपचार करावा लागतो. आपण हे शिकतो, पण दवाखान्यातल्या गर्दीत विसरतो. रबर डॅमचेही तेच. रूट कॅनॉल करताना दाताभोवती जो रबराचा पातळ पडदा लावतात, तो परीक्षेपुरता शिकून नंतर कपाटात ठेवणारे आपल्यात किती आहेत, हे आमचे आम्हालाच माहीत.

ब्रिटनच्या परीक्षेचे नाव ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झॅम, थोडक्यात ओआरई. जनरल डेंटल काउन्सिल ती घेते. बसण्याआधी इंग्रजी सिद्ध करावे लागते (आयइएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही) आणि स्वतःच्या हाताने रुग्णांवर १६०० तास काम केल्याचा पुरावा लागतो. पहिल्या भागात संगणकावरचे दोन पेपर. ते आपल्या मुलांना जड जात नाहीत. पाठांतरात आपण कोणाला हार जात नाही.

खरी कसोटी दुसऱ्या भागात. तिथे फँटम हेडवर, म्हणजे प्लॅस्टिकचे दात बसवलेल्या डोक्यावर, ठरलेल्या वेळात कामे करून दाखवायची. दात इतकाच कोरायचा, शेजारच्या दाताला ओरखडा उठता कामा नये, कॅपसाठी दात घासला तर त्याच्या भिंतींचा उतार बरोबर हवा. रुग्ण खुर्चीत बेशुद्ध पडला तर काय कराल, हेही करून दाखवायचे. आणि एका टेबलाशी रुग्णाचे काम करणारा नट बसलेला असतो. त्याला आजार समजावून सांगायचा, उपचाराचे सगळे पर्याय सांगायचे, "काहीच केले नाही तर काय होईल" हेसुद्धा सांगायचे.

इथे आपली मुले अडखळतात. आपल्याकडे रुग्णच म्हणतो, "डॉक्टर, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मग पर्याय सांगायची सवय राहत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की त्या विशिष्ट रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटू शकतो तो डॉक्टरने सांगितलाच पाहिजे. तो खटला बाळंतपणाचा होता, पण तो अक्कलदाढेलाही लागू होतो. खालची अक्कलदाढ काढताना ओठ किंवा जीभ बधिर राहण्याचा धोका थोडाच असतो. पण रुग्ण बासरी वाजवणारा असेल तर? हे विचारायला शिकवणारी परीक्षा मला तरी वाईट वाटत नाही. खरे सांगायचे तर आपल्याकडेही अशी एक असावी.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे?

दंतवैद्यक हे हाताचे काम आहे. आरशात उलटे दिसणाऱ्या दातावर, अर्ध्या मिलिमीटरच्या हिशोबाने, बोट टेकवून ड्रिल चालवायचे. हे कौशल्य गाणाऱ्याच्या गळ्यासारखे आहे, रियाज थांबला की उतरते. आणि या परीक्षेची रचना अशी, की हाताची परीक्षा सर्वांत शेवटी, आणि तिथे पोहोचेपर्यंत परदेशात गेलेल्या मुलीला रुग्णाला हात लावायची परवानगी नाही. दुसऱ्या भागाच्या जागा मोजक्या. बुकिंग उघडताच त्या संपतात. फी चार हजार पौंडांच्या वर. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा बंद पडल्या त्या २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. त्या काळात अडकलेल्यांमध्ये भारतात चांगली चाललेली प्रॅक्टिस बंद करून गेलेले लोक होते.

आणि बाहेर चित्र काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरात सरकारी योजनेतला एक दवाखाना नवे रुग्ण घेतोय असे कळताच रस्त्यावर शेकडो लोकांची रांग लागली. गर्दी आवरायला पोलीस आले. एकीकडे दात दुखणाऱ्यांची रांग, दुसरीकडे दात दुरुस्त करू शकणाऱ्यांची परीक्षेसाठी रांग!

पूर्वी एक मधली वाट होती. परदेशातला डेंटिस्ट आपल्या डिग्रीच्या आधारे हायजिनिस्ट किंवा थेरपिस्ट म्हणून नोंदणी करू शकत असे. म्हणजे दात साफ करणे, साधे फिलिंग भरणे ही कामे करता यायची आणि हात चालता राहायचा. मार्च २०२३ पासून ती वाट बंद झाली. ज्या कामाचे वेगळे प्रशिक्षण नाही त्याचा परवाना कसा द्यायचा, हा त्यामागचा युक्तिवाद मला कळतो. पण मग देखरेखीखाली काम करण्याची सोय आधी करून ही वाट बंद करायची होती. त्याच वर्षी कायदा बदलून काउन्सिलला परीक्षेत सुधारणा करण्याची मोकळीक मिळाली, जागा वाढवल्याही. २०२४ मध्ये तात्पुरत्या नोंदणीच्या कल्पनेवर सरकारने लोकांची मतेही मागवली. अनुभवी डेंटिस्टच्या देखरेखीखाली परदेशी डॉक्टरला काम करू द्यायचे, ही ती कल्पना. माझ्या मते उत्तर तेच आहे. प्लॅस्टिकच्या डोक्यावर तीन तासांत जे दिसते, त्यापेक्षा सहा महिने शेजारी उभे राहून जास्त दिसते.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तिथे आयएनबीडीई ही पाचशे प्रश्नांची, दोन दिवसांची लेखी परीक्षा असते, पण ती पास होऊन भागत नाही. बहुतेक ठिकाणी तिथल्या कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षे शिकावे लागते. फीचा आकडा डोळे पांढरे करणारा आहे. पण त्या मार्गात एक चांगली गोष्ट आहे: त्या वर्षांत विद्यार्थी रुग्णांवर काम करत असतो. हात रिकामा राहत नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया लेखी आणि प्रात्यक्षिक अशा परीक्षा घेतात, साधारण ब्रिटनच्या वळणाच्या.

आता काकूंच्या प्रश्नाकडे. मी त्यांना विचारले, "मुलगी सध्या काय करते?" त्या म्हणाल्या, "दवाखाना सोडला तिने दोन महिन्यांपूर्वी. आता लग्नाची खरेदी, व्हिसाची धावपळ. आणि तिकडे जाऊन परीक्षाच द्यायची आहे, तर इथे कशाला दगदग?"

घरच्यांची चूक म्हणालो ती हीच. लग्न ठरले की मुलीचा दवाखाना आधी सुटतो. मुलगा डेंटिस्ट असेल तर तो विमानात बसेपर्यंत काम करतो. (हा फरक आपण कधी तपासून बघत नाही.) मग तिकडे गेल्यावर घर लावणे, परीक्षेची वाट बघणे, मधेच बाळंतपण, आणि चार वर्षांनी ती फँटम हेडसमोर बसते तेव्हा हात थरथरतो. नापास झाली की सगळे म्हणतात, परीक्षा फार कठीण आहे.

तुमच्या घरात कोणी या वाटेवर असेल तर काम सोडू देऊ नका. व्हिसा येईपर्यंत रोज काही तास तरी रुग्ण पाहायला हवेत, आणि ते रबर डॅम लावून, आरशात पाहून, प्रत्येक रुग्णाला पर्याय सांगून. कॉलेजकडून गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील, प्रात्यक्षिकाच्या तासांचे पत्र इथे असतानाच घ्यावे. सातासमुद्रापलीकडून आपल्या कॉलेजच्या ऑफिसातून एक सही मिळवणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. राज्य परिषदेचे गुड स्टँडिंग प्रमाणपत्र मात्र अर्जाच्या वेळीच काढावे, ते अलीकडच्या तारखेचे लागते. नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये. पहिल्या भागाचा अभ्यास आणि इंग्रजीची परीक्षा लग्नाआधीच सुरू करता येते. आणि जावयाशी, सासरच्यांशी पैशाचे बोलणे आधीच व्हावे: पास होईपर्यंत दोन-तीन वर्षे पगार नसेल, उलट खर्च असेल. पास झाल्यावरही तिथल्या सरकारी योजनेत काम करायला आणखी एक टप्पा असतो, तोही लक्षात असू द्या.

काकूंनी हे सगळे एका जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. लग्नाला अजून तीन महिने आहेत, तोवर संध्याकाळी माझ्याकडे काम करता येईल का, असे विचारत होती. मी हो म्हटले. सोमवारपासून येते आहे.