पोटांतील मुकी गांठ

पोट सुटणें हें आपल्याकडे खात्यापित्या घराचें लक्षण समजतात. पन्नाशीच्या गृहस्थांचा कमरपट्टा एक भोंक पुढें सरकला तर घरांत थट्टा होते. गृहिणीचें पोट वाढलें तर ‘वात धरला असेल’ असें म्हणून ओव्याची फक्की पुढें केली जाते. बहुधा यांत कांहीं बिघडत नाहीं. परंतु चेहरा व हातपाय वाळत चालले असतां पोट मात्र वाढत असेल, तर ती सुबत्ता नव्हे, हें सांगण्यासाठीं आजचें हें टिपण.

आंतडीं ज्या पडद्याच्या पिशवींत असतात, तिच्या पाठीमागें, कण्याला लागून एक ऐसपैस जागा आहे. मूत्रपिंडें आणि शरीरांतील सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या तेथें मेदाच्या गादींत बसलेल्या असतात. या मेदांतूनच क्वचित् एक दुष्ट गांठ उगवते. तिला ‘लायपोसार्कोमा’ म्हणतात. प्रौढांच्या कर्करोगांपैकीं मृदु ऊतींचे सार्कोमा शेंकडा १ च्या आसपास, आणि त्यांतही पोटामागें होणारे शेंकडा १० ते १५ च. जागा मोकळी असल्यामुळें ही गांठ नारळाएवढी, कधीं कलिंगडाएवढी होईपर्यंत दुखत नाहीं. थोडें खातांच पोट भरणें, पायावर सूज, स्नानाच्या वेळीं हाताला लागणारा टणकपणा, एवढ्याच तिच्या खुणा.

कन्हान येथील एखाद्या कुटुंबाचा विचार करूं. नदीवरील पूल ओलांडला कीं कामठी, आणि पुढें नागपूर. म्हणजे अडचण अंतराची नाहीं, निर्णयाची आहे. दुखत नाहीं तोंवर घरची बाई बोलत नाहीं. बोलली तर सोनोग्राफी होते, ‘गांठ आहे’ असा कागद हातीं येतो, आणि वडील मंडळी एकमुखानें म्हणतात, ‘जवळच्या दवाखान्यांत उद्यांच काढून टाका.’ ही घाई आम्हांस दिरंगाईइतकीच धोक्याची वाटते.

कारण या रोगांत पहिली शस्त्रक्रिया हीच बरें होण्याची सर्वांत मोठी संधि असते. अर्धवट काढलेली गांठ पुन्हां वाढते, आणि दुसऱ्या वेळीं ती निर्मूळ करणें फार कठीण जातें. अर्बुदाचा अवशेष राहिला तर तो राखेखालच्या विस्तवासारखा पुन्हां पेटतो, म्हणून तें निःशेष काढावें, असें सुश्रुतानें आपल्या ग्रंथांत बजावून ठेवलें आहे. आजचे शस्त्रवैद्यही निराळें सांगत नाहींत.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम शिरेंतून औषध देऊन पोटाचा आणि छातीचा सी. टी. स्कॅन. त्याच जागीं लसिकाग्रंथींचा कर्करोग होऊं शकतो, तरुण पुरुषांत बीजपेशींचाही. त्यांवर मुख्यतः औषधांनीं इलाज करतात. म्हणून रक्ताच्या तपासण्या, आणि निदान स्पष्ट नसेल तेथें स्कॅन पाहून कुशीकडून जाड सुईनें काढलेला तुकडा. सुईनें रोग पसरतो, अशी भीति घरोघरीं आहे. रीतसर काढलेल्या तुकड्यानें तसें होणें फार विरळ. पोट उघडून नमुना घेणें मात्र टाळावें. साधी मेदाची गांठ कोणती व दुष्ट कोणती, हें ओळखण्यास ‘एम्. डी. एम्. २’ या जनुकाची तपासणी मदत करते.

शस्त्रक्रियेंत गांठ न फोडतां अखंड काढावी लागते. तिला चिकटलेलें एका बाजूचें मूत्रपिंड किंवा मोठ्या आंतड्याचा भागही पुष्कळदां सोबत जातो. हें आधीं कळलें नाहीं तर मागाहून घरांत हाहाकार होतो. दुसरें मूत्रपिंड नीट चालतें कीं नाहीं, हें प्रथम पाहतात. तें ठीक असेल तर एका मूत्रपिंडावर मनुष्य चांगला जगतो. रक्त लागतें; एकत्र कुटुंबांतील तरुणांनीं तें देण्यास पुढें यावें. शस्त्रक्रियेपूर्वीं किरणोपचार द्यावे काय, याची २६६ रोग्यांवर परीक्षा झाली. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत एकंदरींत लाभ दिसला नाहीं. मुख्य भरंवसा अद्याप शस्त्रावरच आहे.

नागपुरांत १९४७ सालीं निघालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलें ‘मेडिकल’, आहे. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. मुंबईस परळचें टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. कोठेंही जा, पण दोन प्रश्न विचारा: अशा किती गांठी आपण काढल्या आहेत? आणि शस्त्रवैद्य, क्ष-किरणतज्ज्ञ व विकृतितज्ज्ञ एकत्र बसून निर्णय करतात काय? असें विचारण्यांत डॉक्टरांचा अवमान नाहीं. खर्चासाठीं महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तेथेंच करावी.

शेवटीं एक विनंति. आपल्या घरांत रोग्यापासून रोगाचें नांव लपविण्याची चाल आहे. प्रेमापोटीं ती आली, हें खरें. परंतु या रोगांत पहिलीं कांहीं वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं स्कॅन करावा लागतो. दहा वर्षांनींही गांठ परत आल्याचीं उदाहरणें आहेत. ज्याला आपला रोगच ठाऊक नाहीं, तो इतकीं वर्षें तपासणीस कशाला जाईल? आणि सूनबाईंनीं ‘पोट जड वाटतें’ असें म्हटलें, तर ओव्याआधीं सासूबाईंनीं एकवार हात लावून पाहावा. टणक लागल्यास त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे न्यावें.