कागद मागणाऱ्यांसाठी

एका व्याख्यानमालेत नुकतेच एका विद्वानांनी ठणकावले की स्त्रियांचा विसरलेला इतिहास शोधणे ही निव्वळ विद्यापीठीय हौस आहे. म्हणणे थोडक्यात असे: कागद नाही तर इतिहास नाही, बायका उठल्या तिथे फूस पुरुषांचीच, हे खूळ पाश्चात्त्यांचे, आणि जिजाऊ-अहिल्याबाईंना आपण मान दिलाच आहे. टाळ्या भरपूर पडल्या.

दोन पुतळे उभारून बाकीच्यांचे खाते बंद करणे सावकाराला शोभते. खूळ पाश्चात्त्य म्हणाल, तर ‘कागद नाही तर इतिहास नाही’ हा नियमही पॅरिसच्या दोन प्राध्यापकांनी १८९८ मध्ये छापलेला आहे. तो बरा चालतो!

पण कागदच हवा ना? १९२९ चा नोव्हेंबर, आग्नेय नायजेरियातले ओलोको गाव. आदल्या वर्षी इंग्रज सरकारने पुरुषांवर कर बसवला होता, पामतेलाचे भाव उतरले होते. सरकारने नेमलेल्या ओकुगो या गावप्रमुखाचा माणूस मोजणीसाठी न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या दारी आला. ती तेल काढत बसली होती. घरात माणसे किती, शेळ्या किती, असे त्याने विचारले. मोजणीमागून कर येतो हे तिला पक्के ठाऊक. तुझ्या आईला कोणी मोजले होते का, असे तिने त्याला फटकारले आणि गावातल्या बायकांना जाऊन सांगितले. पामची पाने निरोप म्हणून गावोगाव फिरली. हजारो बायका प्रमुखांच्या दारात ठाण मांडून गाणी म्हणू लागल्या आणि त्यांच्या अधिकाराची टोपी मागू लागल्या. ओकुगो तुरुंगात गेला. डिसेंबरात सरकारने गोळ्या झाडल्या, पन्नासहून अधिक बायका मेल्या. पुढे चौकशी आयोगासमोर बायकांनी साक्षी दिल्या, त्या छापल्याही गेल्या. कागद आहे, सरकारी आहे, वर इंग्रजीतही आहे. आता काय, ताम्रपट हवा? राहिली फूस. पुरुषांनी तर १९२८ चा कर भरून टाकला होता.

मराठी कागद हवा असेल, तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. जोतिराव फुल्यांनी त्याची बाजूही घेतली. पण ते पुन्हा छापायला १९७५ उजाडले. मधल्या नव्वदेक वर्षांत आपले कागदप्रेमी काय वाचत होते?

याच पठडीतल्या मंडळींशी मी पूर्वी ओव्यांवरून भांडलो आहे. जात्यावरच्या ओवीला तारीख नाही, म्हणून ती पुरावा नव्हे, असे ते म्हणत. पोवाडा मात्र चालत असे. (शाहीर बहुतेक पुरुष, हा योगायोग.)

मग करायचे काय? मोठी योजना माझ्याकडे नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका गाठल्या, त्यांना बोलते केले आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. तसे करावे. १९७२ च्या महागाईविरुद्ध मुंबईत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्यांपैकी ज्या हयात आहेत, त्या आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. व्याख्याते गिरगावातले आहेत म्हणतात. चार जिने चढले तर एखादी भेटेलही. चारच्या सुमाराला जावे, चहा होतो.