उंची दाखवणारं घड्याळ

वेळ दाखवणाऱ्या घड्याळाने आमच्या घराण्यात कुणी वेळेवर पोचल्याचं स्मरत नाही. आता पुतण्याला उंची दाखवणारं हवंय. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायचं आहे ना! "काका, आल्टिमीटर पाहिजेच." किंमत ऐकून, रोज लाखांच्या नोटा मोजणाऱ्या मी शून्यं दोनदा मोजली.

मी पडलो कॉमर्सवाला. पण एवढं कळलं, की हे घड्याळ उंची मोजतच नाही. ते मोजतं हवेचा दाब. दाब एक मिलिबार उतरला की आपण नऊएक मीटर चढलो, असं ते धरून चालतं. आता पावसाळी हवेतही दाब उतरतोच की! पाच मिलिबार उतरला, तर शिवाजी पेठेत खाटेवर पडल्या पडल्या माणूस ४५ मीटर चढतो. असा हिशेब मी काउंटरवर दिला असता तर संध्याकाळी मेमो हातात पडला असता.

दुकानदार म्हणाला, "साहेब, उंची ठाऊक असलेल्या जागी आधी लावून घ्यायचं." म्हणजे आधी आपण घड्याळाला उंची सांगायची, मग ते आपल्याला सांगणार!

हिमालयात जाणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तिथे ३००० मीटरच्या वर मुक्काम रोज ५०० मीटरहून जास्त चढवू नये म्हणतात; त्यांनी खुशाल दोन्ही मनगटांवर बांधावं. आपलं सर्वात उंच कळसूबाई, ते १६४६ मीटर. आणि आपल्या मसाई पठारावर माणूस चुकतो तो धुक्यात. तिथे चहूकडे उंची जवळपास सारखीच. डावीकडे जायचं की उजवीकडे, हे घड्याळ काय कपाळ सांगणार?

सोबत समोच्च रेषांचा नकाशा असेल तर उंचीचा उपयोग होतो, हे कबूल. पण नकाशाचं नाव काढताच पुतण्या हसला. अहो, नकाशाशिवाय उंची म्हणजे खातेक्रमांकाशिवाय शिल्लक! रक्कम आहे, पण कुणाची?

मी म्हटलं, "१६६० साली महाराज भर पावसात, रात्री याच वाटेने विशाळगडाला गेले. कुणाच्या मनगटावर काय होतं?"

"त्यांच्यासोबत बांदल होते, काका."

"मग तेच सांगतोय! वाट माहीत असलेला माणूस घे आणि आधी बूट घे." मागच्या पावसाळ्यात दाजीपूरला याच्या बुटाचा तळवा निघून चिखलातच राहिला होता.

वहिनींनी पैसे दिले. घड्याळ आलं. बूट तेच आहेत, सुतळीने बांधलेले. रविवारी सकाळी आम्ही दोघं कोल्हापूर स्टेशनवर गेलो. तिथल्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. प्लॅटफॉर्म तिकिटं मीच काढली.